निवाडा बाहेरचा, तिजोरी आपली

कसबा बावड्याच्या रस्त्यावर कोल्हापूर जिल्हा न्यायालयाचं न्यायसंकुल आहे. तिथे चालणाऱ्या कामांत एक प्रकार असा असतो, की दावा जिंकलेला माणूसच पुन्हा रांगेत उभा असतो. धरणाला, कालव्याला किंवा रस्त्याला जमीन गेलेली असते. सरकारने ठरवलेली भरपाई कमी म्हणून शेतकरी कोर्टात गेलेला असतो आणि कोर्टाने वाढीव रक्कम मंजूर केलेली असते. तरीही पैसे येत नाहीत. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८२ सरकारला तीन महिन्यांची सवलत देतं. ती उलटली की वकील दरखास्त, म्हणजे हुकमाच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावतो. मग कधीतरी जप्तीचं वॉरंट निघतं आणि बेलिफ सरकारी कचेरीत जाऊन खुर्च्या, कपाटं, संगणक, साहेबांची गाडी अशी यादी करू लागतो. अशा बातम्या महाराष्ट्रातल्या वाचकाला नव्या नाहीत. पुढचा संवादही ठरलेलाच. साहेब म्हणतात, "मंत्रालयात मागणी पाठवली आहे, तरतूद झाली की देतो." वकील मुदत देतो आणि खुर्च्या जागेवर राहतात.

ती तरतूद करायची कुणी? उत्तर सोपं वाटतं : विधिमंडळाने. सरकारच्या तिजोरीतला पैसा लोकप्रतिनिधींच्या संमतीशिवाय खर्च करता येत नाही, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकात आपण सगळ्यांनी वाचलेलं असतं. पण समजा, विधानसभेने ठरवलं की अमक्या निवाड्याचे पैसे द्यायचेच नाहीत, तर? आणि निवाडा बावड्याच्या कोर्टाचा नसून हेगच्या किंवा लंडनच्या लवादाचा असेल, तर?

राज्याच्या अर्थसंकल्पाच्या जाड पुस्तकांत खर्चापुढे दोन शब्द सतत दिसतात : दत्तमत आणि भारित. दत्तमत म्हणजे ज्यावर सभागृहाचं मत घेतलं जातं तो खर्च. भारित म्हणजे थेट एकत्रित निधीवर टाकलेला खर्च, ज्यावर मतदानच होत नाही. कोणता खर्च भारित, हे संविधानाचं कलम २०२(३) सांगतं. राज्यपालांचं वेतन, अध्यक्ष-सभापतींचं वेतन, उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचं वेतन, सरकारी कर्जावरचं व्याज आणि हप्ते अशी ती यादी आहे. त्याच यादीत न्यायालयाचा न्यायनिर्णय, हुकूमनामा किंवा लवादाचा निवाडा पुरा करायला लागणारी रक्कमही आहे. केंद्रासाठी हीच तरतूद कलम ११२(३) मध्ये आहे.

घटनाकारांनी हे मुद्दाम केलं. कोर्टाच्या हुकमाचे पैसे दरवेळी मतदानाला टाकले, तर सरकारविरुद्धचा कुठलाही निकाल सत्तारूढ पक्षाच्या बहुमतापुढे लोळण घेईल. शेतकरी कोर्टात जिंकेल आणि सभागृहात हरेल. म्हणून आमदारांच्या हातून हा अधिकार काढून घेतला आहे.

मात्र काय काढून घेतलं आणि काय ठेवलं, हे नीट पाहायला हवं. भारित खर्चही विनियोजन विधेयकात दाखवावाच लागतो. विधेयक मंजूर झाल्याशिवाय एकत्रित निधीतून तो पैसाही बाहेर पडत नाही. फक्त भारित रकमेत कमी-जास्त करणारी दुरुस्ती कुणाला सुचवता येत नाही. चर्चा मात्र करता येते, हे संविधानात स्पष्ट लिहिलं आहे. हा पैसा का द्यावा लागला, करार कुणी केला, चूक कुणाची, हे विचारायला आमदारांना कुणीही अडवलेलं नाही. विचारलं जात नाही, ही वेगळी गोष्ट.

भारित खर्चाच्या या कलमांत कोर्ट कुठल्या देशाचं किंवा लवाद कुठे बसला, असा भेद केलेला नाही. पण परदेशी गुंतवणूकदारांच्या दाव्यांतल्या निवाड्यांबाबत वाट इतकी सरळ नाही. दोन देशांतल्या गुंतवणूक करारांखालचे लवाद आपल्या १९९६ च्या लवाद कायद्यात बसत नाहीत, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका प्रकरणात म्हटलं. त्यामुळे असा निवाडा भारतातल्या कोर्टातून वसूल करून घेणं अवघड. पण जिंकलेली कंपनी भारताच्या दारातच बसते असं थोडंच आहे? ती जगात जिथे भारत सरकारची मालमत्ता असेल तिथे जाते. त्याकडे पुढे येऊच.

परक्या सत्तेला नुकसानभरपाई देण्याचा अनुभव कोल्हापूरला जुना आहे. अठराव्या शतकात करवीर, म्हणजे कोल्हापूर, राज्याची गलबतं मालवणच्या किनाऱ्यावरून व्यापारी जहाजांवर तुटून पडत. इंग्रज त्याला चाचेगिरी म्हणत. इथल्या दरबाराच्या लेखी समुद्रावरचा तो हक्क होता. १७६५ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी मालवणवर आरमार पाठवून किल्ला घेतला, आणि पुढच्या वर्षी तह करून, पैसे ठरवून परत केला. १७९२ च्या तहात १७८५ पासून व्यापाऱ्यांचं झालेलं नुकसान भरून देण्याचं कोल्हापूरने कबूल केलं. १८१२ च्या तहात मालवण आणि सिंधुदुर्गच हातचे गेले आणि त्या बदल्यात ईस्ट इंडिया कंपनीने आपले जुने दावे सोडले. पैशाने न फिटलेलं देणं मुलखाने फेडायचं, ही त्या काळची रीत. भरपाई द्यावी की नाही, हे विचारायला तेव्हा सभागृहच नव्हतं. राजाने शिक्का मारला की संपलं. कर भरणाऱ्या रयतेला कळायचं ते वसुलीच्या वेळी.

सभागृह असेल तर काय होतं, याचा गाजलेला धडा फ्रान्सने दिला. नेपोलियनच्या युद्धांत फ्रान्सने अमेरिकेची व्यापारी जहाजं पकडली होती. बऱ्याच वर्षांच्या घासाघिशीनंतर ४ जुलै १८३१ रोजी पॅरिसमध्ये तह झाला : फ्रान्सने अडीच कोटी फ्रँक सहा वार्षिक हप्त्यांत द्यायचे. राजा लुई फिलिपच्या सरकारने सही केली, तहाला मान्यताही दिली गेली. १८३३ च्या फेब्रुवारीत पहिला हप्ता वसूल करायला अमेरिकेच्या खजिन्याने हुंडी काढली. फ्रेंच खजिन्याने ती परत पाठवली. कारण प्रतिनिधी सभेने पैसे मंजूरच केले नव्हते.

१ एप्रिल १८३४ रोजी मतदान झालं. १६८ विरुद्ध १७६. आठ मतांनी ठराव पडला. परराष्ट्रमंत्री ड्यूक द ब्रॉय यांनी राजीनामा दिला. अमेरिकेचे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन मुळातच तापट. त्या डिसेंबरात त्यांनी काँग्रेसपुढे मागणी केली, की फ्रान्सने पैसे दिले नाहीत तर फ्रेंच मालमत्ता जप्त करण्याचा अधिकार मला द्या. दोन्ही देशांनी राजदूत मागे बोलावले. १८३५ मध्ये फ्रेंच सभेने पैसे मंजूर केले, पण अट घातली : जॅक्सननी आपल्या भाषणाचा खुलासा करावा. जॅक्सन माफी मागायला तयार नव्हते. शेवटी इंग्लंडने मध्यस्थी केली आणि १८३६ मध्ये हप्ते सुरू झाले.

या प्रकरणात कायद्याचा प्रश्न अगदी स्वच्छ होता. फ्रेंच प्रतिनिधी म्हणत होते, खजिन्याची किल्ली आमच्याकडे आहे, राजाकडे नाही. जॅक्सनचं म्हणणं, तुमची किल्ली तुमच्या घरात कुणाकडे आहे याच्याशी आम्हाला देणंघेणं नाही. आम्ही करार फ्रान्स या देशाशी केला. आंतरराष्ट्रीय कायद्याने पुढे जॅक्सनचीच बाजू उचलून धरली. देशांतर्गत कायदा पुढे करून आंतरराष्ट्रीय जबाबदारी टाळता येत नाही, हे तत्त्व आज तहांविषयीच्या व्हिएन्ना करारातही आहे. परदेशाच्या नजरेत विधिमंडळ, मंत्रिमंडळ, न्यायालय ही सगळी एकाच राज्याची अंगं आहेत.

या तत्त्वाचा सोक्षमोक्ष १९५४ मध्ये एका अनपेक्षित ठिकाणी लागला. अमेरिकेत कम्युनिस्टविरोधी वातावरण तापलं होतं. संयुक्त राष्ट्रांच्या काही अमेरिकी कर्मचाऱ्यांना नोकरीवरून काढलं गेलं. संघटनेच्या प्रशासकीय न्यायाधिकरणाने त्यांपैकी अकरा जणांना भरपाई द्यायला सांगितलं. अमेरिका भडकली, आमसभेने पैसेच मंजूर करू नयेत, असा सूर निघाला. आमसभेने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा सल्ला मागितला. न्यायालयाचं उत्तर असं : अर्थसंकल्प मंजूर करण्याचा अधिकार आहे म्हणून निवाड्याने निर्माण झालेलं देणं नाकारण्याचा अधिकार मिळत नाही. आपल्या संविधानात हीच कल्पना चार वर्षांपूर्वी कलमबद्ध झाली होती, याचा मला थोडा अभिमान वाटतो.

खुद्द अमेरिकेने मधली वाट काढली. तिथे पूर्वी सरकारविरुद्धच्या निकालांसाठी काँग्रेसला वेगवेगळी तरतूद करावी लागे. १९५६ मध्ये काँग्रेसने कायमस्वरूपी निधीच उभा केला. म्हणजे पुढच्या निकालांना आगाऊ मंजुरी दिली. २०१६ च्या जानेवारीत इराणशी हेगच्या लवादापुढचा जुना दावा मिटला तेव्हा व्याजाचे १३० कोटी डॉलर याच निधीतून गेले, तेही ९९,९९९,९९९ डॉलर ९९ सेंट असे तेरा हप्ते आणि उरलेली रक्कम अशा रूपात. दहा कोटींच्या आत राहण्यासाठी एक सेंट कमी! विरोधी पक्षाने आरडाओरडा केला, पण आगाऊ मंजुरी देऊन बसलेल्या काँग्रेसच्या हाती ते देणं अडवण्याचं साधन उरलं नव्हतं.

आता घरी येऊ. महाराष्ट्राला परदेशी लवादाची ओळख करून दिली ती गुहागर तालुक्यातल्या दाभोळ प्रकल्पाने, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या 'एन्रॉन'ने. डिसेंबर १९९३ मध्ये राज्य वीज मंडळाने दाभोळ पॉवर कंपनीशी वीजखरेदी करार केला. मंडळाने बिल थकवलं तर राज्य सरकार देईल, ही हमी १९९४ च्या फेब्रुवारीत दिली गेली. राज्यानेही थकवलं तर केंद्र देईल, ही प्रतिहमी त्याच वर्षी सप्टेंबरात आली. वीस वर्षांचा करार, एकच खरेदीदार, आणि वीज घेतली नाही तरी ठरलेला स्थिर आकार द्यायचा. हमीच्या या साखळीत वीज मंडळ, राज्य सरकारचं सह्याद्री अतिथिगृह, केंद्रीय अर्थखात्याचा नॉर्थ ब्लॉक, एन्रॉनचं ह्यूस्टन सगळे होते. विधानसभा कुठेच नव्हती.

विधानसभा निवडणुकीत मात्र एन्रॉन होताच. १९९५ मध्ये सत्तांतर झालं, प्रकल्पाची छाननी करणाऱ्या मुंडे समितीचा अहवाल आला आणि ऑगस्टमध्ये मनोहर जोशी सरकारने प्रकल्प रद्द केला. कंपनी तडक लंडनच्या लवादाकडे गेली. काही महिन्यांत वाटाघाटी होऊन नवा करार झाला. त्याच्या प्रतिहमीला केंद्राची मान्यता कधी मिळाली? मे १९९६ मध्ये, वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारकडून, लोकसभेत विश्वासदर्शक ठरावावर चर्चा चालू असताना. ज्या सरकारवर सभागृहाचा विश्वास आहे की नाही हे ठरायचं होतं, त्याने त्या सभागृहाच्या पैशावर पुढच्या अनेक वर्षांचा बोजा चढवला. पक्ष कुठलाही घ्या, सुरुवातीची हमी काँग्रेसच्या काळातली. हमी देताना सभागृह आठवलं नाही, ते कुठल्याच पक्षाला.

पुढचं सर्वांना माहीत आहे. १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, वीज महाग पडली, २००१ च्या सुरुवातीला थकबाकीसाठी हमी आणि पाठोपाठ प्रतिहमी पुकारली गेली, मे महिन्यात प्रकल्प बंद पडला. डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉन बुडाली. पण भागीदार असलेल्या जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांनी दावे सोडले नाहीत. मॉरिशसमध्ये नोंदवलेल्या कंपन्यांमार्फत त्यांनी भारत-मॉरिशस गुंतवणूक करार पुढे केला. कर्ज देणाऱ्या युरोपीय बँकांनी आपापल्या देशांशी असलेले भारताचे करार पुढे केले. अमेरिकी सरकारच्या विमा संस्थेने भागीदारांना पैसे चुकते केले आणि मग अमेरिकी सरकारनेच भारताविरुद्ध लवाद मागितला. २००५ मध्ये तडजोडी झाल्या आणि प्रकल्प एनटीपीसी व गेलच्या पुढाकाराने उभ्या केलेल्या रत्नागिरी गॅस अँड पॉवरकडे गेला.

ज्या गुंतवणूक करारांच्या जोरावर हे दावे लागले, ते करारही संसदेने मंजूर केलेले नव्हते. आपल्याकडे परराष्ट्र करार सरकार करतं. संसदेची संमती घ्यावीच लागते असं नाही. नव्वदीनंतर असे करार धडाक्याने होत गेले. २०११ मध्ये कोल इंडियाशी भांडण असलेल्या व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीने भारताविरुद्ध निवाडा मिळवला. कारण काय, तर तिचा जुना निवाडा भारतीय कोर्टांत नऊ वर्षं रखडला. दरखास्त घेऊन बसलेला आपला शेतकरी हे वाचून काय म्हणेल?

केर्न एनर्जी या कंपनीचं प्रकरण याहून बोलकं आहे. इथे संसद बाजूला नव्हती. दोन्ही वेळा मध्यभागी होती. २०१२ च्या वित्त कायद्याने संसदेने जुन्या व्यवहारांवर पूर्वलक्षी प्रभावाने कर लावण्याची वाट मोकळी केली. त्याच्या आधारे केर्नकडून वसुली झाली. कंपनी हेगला गेली आणि डिसेंबर २०२० मध्ये लवादाने भारताला १२० कोटी डॉलर, वर व्याज व खर्च द्यायला सांगितलं. भारताने निवाड्याला आव्हान दिलं. मग केर्नने तेच केलं जे बावड्यातला वकील करतो : दरखास्त. फक्त बेलिफ पॅरिसमध्ये गेला. २०२१ च्या उन्हाळ्यात फ्रेंच कोर्टाच्या हुकमाने पॅरिसमधल्या भारत सरकारच्या सुमारे वीस मालमत्तांवर, बहुतेक फ्लॅटच, टाच आली. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा सरकारी असलेल्या एअर इंडियावरही दावा लावला गेला.

ऑगस्ट २०२१ मध्ये संसदेने नवा कायदा करून पूर्वलक्षी कर मागे घेतला. वसूल केलेली रक्कम व्याजाशिवाय परत करायची, बदल्यात कंपनीने सगळे दावे सोडायचे. केर्नला सुमारे ७,९०० कोटी रुपये मिळाले. पेगॅसस हेरगिरी प्रकरणावरून गदारोळ चालू असताना लोकसभेने हे विधेयक जवळपास चर्चेविना मंजूर केलं. म्हणजे इथे संसदेला मत होतं, आणि तिने ते दिलंही. पण एवढी मोठी रक्कम परत का करावी लागतेय, २०१२ ची चूक होती की हक्क, यावर देशाला ऐकण्यासारखा एकही वाद झाला नाही.

यात आणखी एक हिशेबी गोम आहे. हा पैसा निवाड्याची भरपाई म्हणून नव्हे, कराचा परतावा म्हणून गेला. परतावा म्हटलं की तो खर्च न धरता जमेतून वजा होतो. परताव्यावरचं व्याजही आयकर खातं असंच वजावट दाखवून देतं, त्याला संसदेची मंजुरी घेत नाही, हे संविधानाला धरून नाही, असा आक्षेप महालेखापालांनी अनेक अहवालांत घेतला आहे आणि लोकलेखा समितीनेही तो उचलून धरला. भारित खर्च निदान पुस्तकात तरी दिसतो. परतावा म्हणून गेलेला पैसा तिथेही दिसत नाही.

माझं मत विचाराल, तर पैसे देण्याच्या टप्प्यावर विधिमंडळाला नकाराधिकार नाही, हे ठीकच आहे. फ्रेंच सभेसारखं आठ मतांनी निवाडा पाडून काही साधत नाही; व्याज वाढतं आणि पॅरिसच्या फ्लॅटवर टाच येते. दुखणं आधीच्या टप्प्यावर आहे. संविधानाच्या कलम २९३ प्रमाणे राज्य सरकार हमी देऊ शकतं, विधिमंडळाने कायद्याने मर्यादा घातली असेल तर तिच्या आत. केंद्रासाठी कलम २९२ तसंच आहे. 'घातली असेल तर' हे शब्द लक्षात घ्या. घातली नसेल तर सरकारचा हात मोकळा. केंद्राच्या वित्तीय जबाबदारी कायद्याने वर्षभरात द्यायच्या हमींना सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्याची मर्यादा घातली आहे, पण ती एकूण रकमेची. एखाद्या मोठ्या, वादग्रस्त कराराची हमी सभागृहापुढे आधी आणायलाच हवी, असा दंडक त्यात नाही. गुंतवणूक करारांबाबत संसदेच्या परराष्ट्र व्यवहार समितीने २०२१ मध्ये अहवाल दिला. भारताने २०१६-१७ मध्ये बरेच जुने करार रद्दही केले. पण नवे करार होताना ते सभागृहापुढे आधी ठेवण्याची सक्ती अजून नाही.

कोल्हापूरकरांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. शहरातल्या रस्त्यांचा टोल लोकांनी रस्त्यावर उतरून, एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्या नेतृत्वाखाली लढून घालवला. २०१५ च्या अखेरीस टोल रद्द झाला. कंत्राटदाराला द्यायची भरपाई मात्र रद्द झाली नाही; ती राज्याच्या माथी आली, म्हणजे पुन्हा आपल्याच. लढाई योग्यच होती. पण ती कराराआधी सभागृहात झाली असती, तर स्वस्तात पडली असती.

अर्थसंकल्पाची पुस्तकं वित्त विभागाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतात. राज्याने कुणाकुणाला किती हमी दिली आहे, त्याचं विवरणपत्रही त्यांत असतं. पुढच्या अधिवेशनाआधी ते एकदा काढून पाहा, आणि आपल्या आमदाराला दोनच प्रश्न विचारा : भारित रकान्यात यंदा निवाड्यांपोटी किती गेले, आणि मोठ्या हमी आधी सभागृहापुढे आणायची सक्ती करणारा कायदा कधी आणणार?